गॅस लायटरची ठिणगी आणि खोलीभर रेडिओ लहर

ठिणगी दिसली म्हणजे प्रयोग जमला असं समजू नका. स्पार्क गॅप, म्हणजे धातूच्या दोन टोकांमधली फट, हा एक स्विच आहे. व्होल्टेज चढेपर्यंत फटीतली हवा दम धरते, मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्टपर्यंत. मग ती फुटते आणि तारांवर साठलेला विद्युतभार इतक्या झटक्यात सुटतो की मागेपुढे हेलकावे खातो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये रेडिओ लहरी दाखवल्या त्या याच हेलकाव्यांतून.

उच्च दाबासाठी स्वयंपाकघरातला खटक्याचा पिझो लायटर (आतला स्फटिक दाबला की वीज तयार होते तो) पुरतो. मायक्रोवेव्हचा किंवा निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर अजिबात नको, त्याचा झटका जीव घेतो. आणि प्रयोग सिलिंडरपासून लांब, दुसऱ्या खोलीत करा.

बाकीचं सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. तांब्याच्या जाड वायरचे २५ सेंमीचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाच्या एका टोकाला गोल डोक्याचा पितळी स्क्रू सोल्डर करा आणि डोकी समोरासमोर ठेवून ॲक्रिलिकच्या पट्टीवर बसवा. लाकूड नको: पुण्याच्या पावसाळ्यात ते ओल धरतं आणि ठिणगी पडण्याआधीच भार त्यावरून गळून जातो. फट जुन्या एटीएम कार्डाने मापा. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, ते जेमतेम सरकलं पाहिजे.

लायटरच्या आतल्या पिनेपासून एक आणि बाहेरच्या नळीपासून एक अशा वीतभर वायरी दोन स्क्रूंना जोडा. इथेच बहुतेकांचं फसतं. तुमची फट लायटरच्या आतल्या फटीपेक्षा मोठी झाली, तर ठिणगी आतच पडते. खटका वाजतो, बाहेर काहीच दिसत नाही. पिनेवर स्लीव्ह (वीज न जाऊ देणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि फट कमी करा.

दोन्ही तारा मिळून अर्धा मीटर, म्हणून लहर साधारण एक मीटरची, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास. ठिणगीची लहर लगेच विझते, त्यामुळे ती एकाच फ्रिक्वेन्सीवर न राहता बऱ्याच फ्रिक्वेन्सींवर पसरते. मीडियम वेव्हचा रेडिओ ७९२ किलोहर्ट्झच्या पुणे केंद्रापासून जरा बाजूला सरकवा, तरी दर खटक्याला ‘टक्’ ऐकू येईल.

रिसीव्हरसाठी पेनच्या रिकाम्या नळीत ॲल्युमिनियम फॉइलच्या ज्वारीएवढ्या पाच-सहा गोळ्या भरा आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू घाला. त्या स्क्रूंना २५-२५ सेंमीच्या तारा जोडा. दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर नळीशी सिरीजमध्ये लावा. गोळ्यांवरचा ऑक्साइडचा थर एरवी प्रवाह अडवतो. लहर आली की तो जागोजागी फुटतो आणि एलईडी पेटून राहतो. नळीला टिचकी मारली की विझतो.

एलईडी सतत पेटलेला असेल तर गोळ्या फार दाबल्या गेल्यात; स्क्रू पाव फेरा सैल करा. कधीच पेटत नसेल तर आवळा. सुरुवात ३० सेंमीवरून करा, ठिणगीच्या आणि रिसीव्हरच्या तारा एकमेकींना समांतर ठेवून. मग रिसीव्हर काटकोनात फिरवून बघा: लहर तीच, पण तो दाद देईनासा होतो.

शंभरेक ठिणग्यांनंतर पितळ काळवंडतं, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पुसा. तारा लांबवून किंवा गच्चीवर नेऊन प्रयोग करू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना याच पट्ट्यात आकाश ऐकतात; त्या परिसरात राहत असाल तर हा प्रयोग करूच नका.