दहा बाय तेराच्या खोलीतले होम थिएटर

मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडली की घरातली एक बेडरूम रिकामी होते आणि तिचे काय करायचे या चर्चेत हल्ली होम थिएटरचा विषय हमखास निघतो. त्यानंतरची पहिली फेरी बहुधा दुकानात होते, आणि तिथे ऐकलेला दणदणीत आवाज घरी का लागत नाही, हे कोडे पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. दुकानातून यंत्रे घरी येतात, दुकानातली खोली येत नाही. आवाज घडवण्यात खोलीचा वाटा स्पीकरइतकाच असतो आणि खर्जाच्या बाबतीत तर त्याहूनही अधिक, म्हणून सुरुवात खोलीपासून करावी. उदाहरणासाठी सदनिकांमध्ये सर्रास आढळणारी खोली घेऊ: रुंदी १० फूट, लांबी १३ फूट आणि फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंची साडेनऊ फूट.

खोली रिकामी करून, पंखा बंद करून, मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. सपाट, समांतर भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी असेल तर टाळीच्या मागोमाग पत्र्यावर बोटे आपटल्यासारखी बारीक, झिणझिणती थरथर ऐकू येते. समोरासमोरच्या दोन भिंती त्या टाळीला चेंडूसारखे टोलवत असतात. चित्रपटातला प्रत्येक संवाद याच खोलीत असाच टोलवला जाणार असतो आणि शब्द नीट कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवत नेणार असतो. ही थरथर लक्षात ठेवावी. पुढे पडदे, जाजम आणि कपाटे लागल्यावर हीच टाळी पुन्हा वाजवून पाहायची आहे.

दुसरी गोष्ट कानांना लगेच कळत नाही, तिच्यासाठी मेजपट्टी लागते. प्रत्येक खोलीला तिच्या लांबी, रुंदी आणि उंचीनुसार ठरलेले काही सूर असतात आणि त्या सुरांवर ती घुमते. हिशेब साधा आहे: हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११३० फूट, त्याला त्या मापाच्या दुपटीने भागले की सर्वांत खालचा सूर मिळतो. आपल्या खोलीत लांबीमुळे सुमारे ४३, रुंदीमुळे ५६ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झ असे तीन सूर निघतात. यातले ५६ आणि ५९ एकमेकांना चिकटून असल्याने त्या पट्ट्यातला खर्ज फुगणार, हे एकही यंत्र घेण्याआधी सांगता येते. निवडीला वाव असेल तर चौरस खोली टाळावी, असे यामुळेच म्हणतात. तिच्यात लांबी आणि रुंदीचे सूर एकाच जागी येऊन पडतात.

या हिशेबाचा सर्वांत उपयोगी भाग बैठकीशी संबंधित आहे. हे सूर भिंतीलगत सर्वांत बलवान असतात, आणि त्यांतला पहिला सूर खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर ढणढणाट वाढतो आणि मधोमध ठेवला तर खर्जाचा एक तुकडाच गायब होतो. साधारणपणे कान मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर यावेत असा एक ठोकताळा आहे. तो सुरुवातीपुरता धरावा. आपल्या खोलीत पडद्याची बाजू १० फुटांच्या भिंतीवर घेतली, तर कान पुढच्या भिंतीपासून ८ फुटांवर आणि मागच्या भिंतीपासून ५ फुटांवर येतात. सोफ्यामागे चार फूट जागा ‘वाया’ जाते म्हणून घरात कुरकूर होईल. तिथे पुस्तकांचे कपाट ठेवावे. उंच-सखल, कमी-जास्त रुंदीची पुस्तके आवाज विखुरतात आणि जागेचा प्रश्नही मिटतो.

आता या ८ फुटांवरून पडदा ठरवता येतो. पडद्याच्या दोन कडांनी डोळ्यांशी केलेला कोन किमान ३० अंशांचा असावा, आणि चित्रपटगृहाचा भास हवा असेल तर ४० अंशांच्या आसपास. भिंतीवरच्या ७५ इंची टीव्हीची रुंदी साडेपाच फुटांच्या किंचित खाली असते आणि आपल्या अंतरावरून तो सुमारे ३८ अंशांचा कोन करतो. ६५ इंची टीव्ही ३३ अंशांच्या जवळ राहतो. शंभर इंची पडदा इथे ४९ अंशांपर्यंत जातो आणि तळाची अक्षरे वाचताना डोळे इकडून तिकडे फिरवावे लागतात. म्हणून एवढ्या खोलीत प्रोजेक्टरचा अट्टहास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोजेक्टरला अंधार लागतो, भिंती आणि छत गडद व बिनचकाकीचे लागते, कारण पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड पडद्यावरचा काळा रंग राखाडी करतो. शिवाय दुपारची क्रिकेटची मॅच पडदे लावून, काळोखात बसून पाहायला घरातले कोणी तयार होत नाही. ज्यांची खोली १६-१८ फूट लांब आहे त्यांनी प्रोजेक्टर जरूर घ्यावा; मात्र जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांवर न जाता ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारावे आणि ‘थ्रो रेशो’, म्हणजे प्रोजेक्टरचे अंतर पडद्याच्या रुंदीच्या किती पट, तो पाहावा. हा रेशो १.५ असेल तर ७.२५ फूट रुंदीच्या, म्हणजे शंभर इंची, पडद्यासाठी प्रोजेक्टर सुमारे ११ फुटांवर टांगावा लागतो.

टीव्ही लावताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तो छताकडे चढवणे. बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून साधारण ४० इंचांवर असतात आणि ते पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या आसपास यावेत. ७५ इंची टीव्हीची उंची ३७ इंच धरली, तर त्याची खालची कड २८ इंचांवर येते. खाली १८ इंच उंचीचे बसके युनिट केले की मधला स्पीकर त्यावर ठेवायला नेमकी जागा उरते. सुताराला ही मापे कागदावर लिहून द्यावीत, तोंडी सांगू नयेत. माझ्या पहिल्या खोलीत युनिटला ‘चांगले दिसते’ म्हणून दारे बसवली गेली, रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारे मुख्य यंत्र, त्या बंद कपाटात तापून अर्ध्या चित्रपटात बंद पडू लागला आणि शेवटी मागची प्लाय करवतीने कापावी लागली. रिसीव्हरच्या वर किमान अर्धा फूट मोकळी हवा ठेवावी आणि पाठ उघडी असावी.

स्पीकरची जुळणी ५.१ ने सुरू करावी: समोर तीन, मागे दोन आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर. समोरचे डावा-उजवा ऐकणाऱ्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत, तर मागचे दोन ११० अंशांवर असावेत. आपल्या खोलीत याचा अर्थ असा: समोरचे स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले, तर त्या दोघांमधले अंतर साडेसात फूट ठेवावे, म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वा फूट उरतो, आणि बाजूच्या भिंतींवर टांगायचे दोन स्पीकर कानांच्या रेषेपासून पावणेदोन फूट मागे घ्यावेत. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला लहान घुमट, समोरच्या तिन्हींमध्ये शक्यतो कानांच्या उंचीवर यावा. युनिटवरचा मधला स्पीकर कानांच्या खाली राहतो, म्हणून पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून त्याचे तोंड किंचित वर करावे. पैसे कुठे घालावेत असे कोणी विचारले तर मी आधी या मधल्या स्पीकरकडे बोट दाखवतो, कारण संवादांचा बहुतांश भार तोच उचलतो. तो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला असावा, नाहीतर पात्र पडद्यावर चालत गेले की त्याचा आवाज वाटेत बदलतो. वरून आवाज देणाऱ्या, छतातल्या ॲटमॉस स्पीकरची घाई नको. वायर मात्र आत्ताच सोडून ठेवावी.

वायरिंग हे रंगकामाच्या आधीचे काम आहे. झिरी विटांच्या भिंतीतच मारावी. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी लावू देऊ नये, आणि छताकडे जायचे असेल तर फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून किंवा केसिंग-पट्टीतून जावे. चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलसाठी नेहमीचा बारीक पाइप चालत नाही, कारण वायर जाते पण तिचे डोके अडकते. दीड इंची पाइप घालावा, त्यात काटकोनी एल्बो न वापरता मोठ्या वळणाचा बेंड वापरावा, आणि आत एक सुतळी ओवून ठेवावी. पाच मीटरच्या पुढे साधी एचडीएमआय केबल फोर-के चित्रासाठी भरवशाची राहत नाही. तिथे ऑप्टिकल केबल घ्यावी, आणि तिची एक बाजू उगमाची व दुसरी पडद्याची असते हे वायरमनला आधीच सांगावे. स्पीकरसाठी १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरते. स्वस्त वायर वरून तांब्याची दिसते आणि आतून ॲल्युमिनियमची निघते. टोक नखाने खरवडले की पांढरी तार दिसते.

विजेसाठी मुख्य बोर्डापासून १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन घ्यावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर ठेवल्यास स्पीकरमधून येणारी ‘घूंऽऽ’ अशी गुणगुण बहुधा टळते. तरीही ती येत राहिली तर केबल टीव्हीची वायर काढून पाहावी, कित्येकदा चोर तिथेच सापडतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढावेत आणि सोबत डिशची व इंटरनेटची वायरही काढावी.

आता पुन्हा त्या टाळीकडे येऊ. बैठकीवर एकाने बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीवर आरसा सरकवत न्यावा. बसलेल्याला आरशात जिथे समोरचा स्पीकर दिसतो, तिथून आवाज परतून कानांवर येतो. दोन्ही भिंतींवरच्या त्या जागी दोन ते चार इंच जाडीचे रॉकवूलचे, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे, पॅनेल, कापडात मढवून, भिंतीपासून इंच-दोन इंच सोडून टांगावे. समोरच्या फरशीवर जाड जाजम किंवा दुहेरी सतरंजी घालावी, खिडकीला चुण्या पडतील असा जड पडदा लावावा. बाजारात मिळणारा एक इंची, टोकेरी, काळा फोम सगळ्या भिंतींना चिकटवण्याचा मोह आवरावा. तो फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. आपल्या खोलीला छळणाऱ्या ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी २० फूट आहे, तिला एक इंच फोमची जाणीवही होत नाही. खोली त्यामुळे मंद आणि कोंदट वाटते, ढणढणाट मात्र तसाच राहतो. अंड्यांचे ट्रे तर एवढेही करत नाहीत. कोकणात किंवा जिथे पावसाळ्यात भिंती पाझरतात तिथे बाहेरच्या भिंतीवर पॅनेल टांगूच नये. कापडामागे बुरशी धरते आणि तिचा वास खोलीभर राहतो.

खर्जाचा इलाज मुख्यतः सबवूफरची जागा बदलून होतो. त्याची रीत जरा हास्यास्पद दिसते, पण ती काम करते. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवावा, सतत खर्ज असलेला एखादा तुकडा लावावा आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतींच्या कडेने फिरावे. कुठे आवाज फुगतो, कुठे पार विरतो, आणि एखाद्या जागी प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या ताकदीचा ऐकू येतो. ती जागा सबवूफरची. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे सबवूफर समोरच असला पाहिजे असे बंधन नाही.

शेवटी रिसीव्हरसोबत आलेल्या माइकने मोजणी करावी. माइक हातात न धरता स्टँडवर, कानांच्या उंचीवर ठेवावा, एसी आणि पंखा बंद करावा. मोजणी झाल्यावर सर्व स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे जाईल असे) आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ असल्याची खात्री करावी. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले तर ते ‘दुरुस्त’ करू नये; त्याच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. संवाद पोकळ आणि खर्ज पातळ वाटला तर एखाद्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे का ते पाहावे. टीव्हीत ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड निवडून हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी.

भिंतीवरची पॅनेल आवाज खोलीबाहेर जाण्यापासून रोखत नाहीत. ते काम वजनदार, फटी नसलेले दार करते. पोकळ फ्लश डोअर बदलून भरीव घ्यावे, चौकटीला रबरी पट्टी लावावी, दाराखालची फट बंद करावी आणि सबवूफरखाली जाड रबराचे पॅड घालावेत. निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. मग एका रात्री घरातल्या कोणाला तरी नेहमीच्या आवाजात चित्रपट लावायला सांगून स्वतः जिन्यात जाऊन उभे राहावे, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी बोलणे असेल तर पाच मिनिटे त्यांच्या हॉलमध्ये बसावे. तिथे संवाद ऐकू आला तर दाराची फट राहिली आहे. नुसताच धबधब ऐकू आला तर सबवूफरचा आवाज उतरवावा लागेल.