रिमोट सर्व्हरचं सेशन बंद करताना या चुका टाळा

खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की आपण सर्व्हरमधून बाहेर पडलो, असं समजणारी माणसं मला अजूनही भेटतात. इंदूरला आमच्या ऑफिसात दर पावसाळ्यात नवी मुलं येतात, त्यांच्यापासून दहा वर्षं काम केलेल्या हिशेबनिसांपर्यंत सगळे त्यात आहेत. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे लांबच्या मशीनचा पडदा आपल्या मशीनवर दाखवणाऱ्या सोयीत, फुलीनं तुटतो तो फक्त तुमचा पडदा. तिकडे सेशन, म्हणजे तुमचं लॉगइन आणि त्यात उघडलेलं काम, चालूच राहतं. उघडे प्रोग्रॅम मेमरी खात बसतात, उघडलेली फाइल दुसऱ्याला मिळत नाही, आणि दुपारनंतर 'सर्व्हर स्लो आहे' असे फोन सुरू होतात. काम संपलं असेल तर स्टार्ट मेनूतून साइन आउट करा. घाईत शटडाउनवर बोट गेलं तर मुंबईच्या डेटा सेंटरमधली अख्खी मशीन बंद पडते, आणि बंद मशीन रिमोट डेस्कटॉपवरून चालू करता येत नाही.

याच्या उलटी चूक जास्त महाग पडते: दुसऱ्याचं सेशन न बघता संपवणं.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता. सियागंजातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचं बिलांचं आणि स्टॉकचं काम आम्ही सांभाळत असलेल्या सर्व्हरवर चालायचं. त्यांच्या मुनीमजींनी दुपारी जुन्या बिलांची मोठी आयात, म्हणजे फाइलमधली बिलं एकदम चढवण्याचं काम, सुरू केली, फुली दाबली आणि ते घरी गेले. आयात मागे चालू राहणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. संध्याकाळी सर्व्हर जड झाल्याची तक्रार आली. ऑफिसात नवा मुलगा होता आणि त्याला विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, बघायला निघायचं होतं. त्यानं 'क्वेरी यूझर' ही कमांड देऊन चालू सेशनची यादी काढली, तीन नंबरच्या सेशनसमोर 'डिस्क' दिसलं, आणि 'लॉगऑफ तीन' देऊन तो मोकळा झाला. सर्व्हर लगेच हलका झाला, तेव्हा त्याला वाटलं आपलं बरोबरच होतं.

रात्री मुनीमजींचा फोन आला. अर्धी बिलं चढलेली, अर्धी नाहीत, स्टॉक कुठेच जुळत नाही. मी रामबागेतल्या घरून बसलो. सकाळचा बॅकअप परत चढवला आणि त्या दिवसाची नवी बिलं मुनीमजी फोनवर वाचत गेले तशी एकेक टाकत गेलो. गिरण्यांच्या झांक्या रात्रभर फिरून परतायला लागल्या तेव्हा कुठे ताळा लागला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "दादा, ते तर बंदच होतं ना? समोर डिस्क लिहिलं होतं."

'डिस्क' म्हणजे डिस्कनेक्टेड. माणूस समोर नाही, एवढंच त्यातून कळतं. काम थांबलंय असं नाही. आणि लॉगऑफ दिला की त्या सेशनमधले प्रोग्रॅम बंद होतात, सेव्ह न केलेलं जातं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी यादी. मग 'क्यूप्रोसेस' या कमांडला सेशनचा नंबर देऊन आत काय चाललंय ते बघणं. मग त्या माणसाला फोन. पडद्यावर मेसेज पाठवून भागत नाही, कारण तो पडद्यासमोर नाहीच. फोन उचलला नाही तर मी थांबतो. यादी दर वेळी नव्यानं काढा. सेशनचे नंबर बदलतात, कालचा तीन आज दुसऱ्याच कुणाचा असतो. तासन्‌तास चालणारं काम सेशनमध्ये ठेवूच नका, टास्क शेड्यूलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला, द्या. 'डिस्कनेक्टेड सेशन पाच मिनिटांत आपोआप संपव' अशी पॉलिसी लावून निश्चिंत होणाऱ्यांचं मला पटत नाही. त्या पॉलिसीला मुनीमजींची आयात दिसत नाही.

लिनक्सवर एसएसएचची, म्हणजे लांबच्या मशीनवर कमांड टाइप करायची, खिडकी अडकली की लोक लगेच ती मारून टाकतात. आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलं गेलं की टर्मिनल गोठतं, कनेक्शनला काही झालेलं नसतं. माझ्याकडे 'लाइन तुटली' म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे प्रकरण फार वेळा निघतं. खरंच तुटलं असेल तर ओपनएसएसएच या नेहमीच्या एसएसएच प्रोग्रॅममध्ये एंटर, टिल्ड (~), टिंब असं ओळीनं दाबा, खिडकी सुटते. विंडोजवर एसएसएचसाठी वापरतात त्या पुटीमध्ये हे चालत नाही.

लाइन अचानक गेली की सर्व्हरला ते लगेच कळत नाही. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचं मशीन अजून आहे का ते विचारण्याची सोय, मुळात 7200 सेकंदांवर असतं, म्हणजे दोन तास शांतता झाल्यावर ते पहिली चौकशी करतं. म्हणून एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मी क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल 60 (किती सेकंदांनी विचारायचं) आणि काउंट-मॅक्स 3 (उत्तर न आल्यास किती वेळा विचारायचं) ठेवतो. गायब झालेलं कनेक्शन साधारण तीन मिनिटांत मोकळं होतं. यानं रिकामा बसलेला माणूस बाहेर जात नाही, त्याचं मशीन उत्तर देतच असतं. त्याच्यासाठी बॅशचं, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमचं, टीएमआउट हे वेळेचं सेटिंग वेगळं लावावं लागतं.

प्रोग्रॅम थांबवणारी 'किल' कमांड देताना जबरदस्तीनं मारणारा नऊ नंबर आधी देऊ नका, साधा किल देऊन प्रोग्रॅमला आवरायला वेळ द्या.

'पीकिल एसएसएचडी', म्हणजे एसएसएच सर्व्हरचे सगळे प्रोग्रॅम नावानं मारणं, कधीच नको. त्यात इतरांबरोबर तुम्हीही बाहेर पडता, आणि मुख्य सर्व्हिसही गेली तर परत शिरायला दार उरत नाही.

लांबचं काम टीमक्समध्ये, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवा, आधी कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर या.

एसएसएचच्या सेटिंगमध्ये हात घातला असेल तर चालू खिडकी बंद करण्याची घाई नको. 'एसएसएचडी' उणे टी (-t) देऊन सेटिंगची फाइल तपासा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि दुसरी खिडकी उघडून नव्यानं लॉगइन होऊन बघा. जुनं कनेक्शन रीस्टार्टनंतरही टिकून असतं, म्हणून पहिल्या खिडकीत सगळं ठीक दिसणं हा पुरावा नाही. दुसऱ्या खिडकीत आत शिरता आलं, तरच पहिलीत एक्झिट.