‘पेन’ची दुखणी: या चुका टाळा

‘माय लेग इज पेनिंग.’ हे वाक्य खोडून खोडून मी कंटाळलो. मराठीत पाय ‘दुखतो’, म्हणून इंग्रजीतही त्याला दुखवायला लावायचं, एवढाच विचार त्यामागे असतो. आपल्या आपल्यात ते सगळ्यांना कळतं, त्यामुळे सवय सुटतही नाही. पण आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘पेन’ हे मुख्यतः नाम. क्रियापद म्हणून ते येतं ते बहुधा मनाच्या दुखण्यासाठी: ‘इट पेन्स मी टू से धिस’, म्हणजे हे सांगताना जिवावर येतंय. पायासाठी सरळ ‘माय लेग हर्ट्स’ म्हणा. नवख्यांना मी ‘पेन’चं क्रियापद वापरूच देत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हा अतिरेक असेल, पण चूक थांबते.

त्याहून वाईट म्हणजे ‘आय ॲम पेनफुल’. माझ्या एका विद्यार्थ्याने नव्या नोकरीत परदेशी साहेबाला रजेचा मेल धाडला: ‘आय ॲम व्हेरी पेनफुल टुडे.’ साहेबाचं उत्तर आलं, ‘मला तरी तसा अनुभव नाही. बरा हो.’ पोरगा घाबरून माझ्याकडे आला, साहेब चिडलाय का म्हणून. चिडला नव्हता, हसत होता. पेनफुल असते ती जखम, आठवण, फार तर एखादं रटाळ भाषण. माणसाला ते लावलं की तो दुसऱ्यांना ताप देणारा ठरतो. ‘आय ॲम इन पेन’ एवढंच हवं होतं. तो मेल भाषांतराच्या ॲपमधून शब्दाला शब्द लावून आला होता, हे वेगळं सांगायला नको. दोन मिनिटं शब्दकोश उघडायचा कंटाळा, दुसरं काय!

‘हर्टेड’ असा शब्द नाही. भूतकाळातही ‘हर्ट’च.

‘हेडएक’, ‘टूथएक’ चालतात, म्हणून ‘लेगएक’ बनवू नका. आणि ‘हेडॅच’ म्हणू नका. शेवटी ‘क’ आहे.

घसा दुखत असेल तर ‘सोअर थ्रोट’. व्यायामानंतर अंग आंबलं तरी ‘सोअर’च.

‘टेक पेन्स’ म्हणजे दुखणं ओढवून घेणं नव्हे, कसून मेहनत घेणं. ‘पेन्सटेकिंग’ तिथूनच आलं. तो शब्द ‘पेन्स’ आणि ‘टेकिंग’ असा फोडायचा. बरेच जण ‘पेन’ आणि ‘स्टेकिंग’ असा फोडतात आणि मग ‘स्टेकिंग’ शोधत बसतात.