पॅरा खेळाडूंसाठी मॅरेथॉन पळून पैसे उभे करायचेत? मग असं करा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे गणपती उठले की कामाला लागायचं, पायांच्याही आणि पैशांच्याही. बरेच जण आधी नुसतं पळत राहतात आणि पैसे मागायचं डिसेंबरवर ढकलतात, तोवर रविवारचा लाँग रन ३० किमीला टेकलेला असतो आणि लोकांना फोन करायला अंगात त्राण राहत नाही. म्हणून पैशांचं आधी बघा.

मुंबईत मॅरेथॉनच्या निधीचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था बघते, त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थांपैकी एक निवडायची आणि तिच्यासाठी देणगी गोळा करायचं आपलं ऑनलाइन पेज उघडायचं. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, पण त्यांच्या खेळावर, म्हणजे पॅरा खेळाडूंवर खर्च करणाऱ्या त्यामानाने कमी, तेव्हा फोन करून सरळ विचारा की गेल्या वर्षी किती खेळाडूंना काय दिलं, कोच कोण, सराव कुठे चालतो. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी संस्था बघा. आणि जमलं तर एकदा सरावाला जाऊन याच.

कारण पैसे कशाला लागतात ते तिथे कळतं. बसून गोळाफेक करणाऱ्यांची थ्रोइंग चेअर बघा. ती साधी व्हीलचेअर नसते, धातूची फ्रेम असते, गादीसकट उंची ७५ सेंमीच्या आत लागते, खेळाडूच्या मांड्या-कंबर पट्ट्यांनी आवळतात आणि फ्रेम जमिनीला ताणून बांधतात, नाहीतर गोळा सुटताना सगळंच हलणार. एकाच्या मापाची फ्रेम दुसऱ्याला नीट बसत नाही. नांदेडच्या भाग्यश्री जाधव अशाच बसून फेकतात, पॅरिस २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकच्या, उद्घाटनाला भालाफेकपटू सुमित अंतिलसोबत तिरंगा त्यांच्या हातात होता. किंवा पूर्ण अंध धावपटू घ्या, त्याच्यासोबत हाताला दोरी बांधून गाईड रनर पळतो, मग प्रत्येक स्पर्धेला तिकीटं दोन, राहणं-जेवण दोघांचं. हे असं नेमकं सांगितलं की लोक पैसे देतात, 'दिव्यांगांना मदत करा' एवढ्यावर फक्त हात जोडलेले इमोजी येतात.

आणि प्लीज, मेसेजमध्ये 'बिचारे' नको, रडका फोटो तर नकोच. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्याच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये गोल्ड मारलं, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड! आटपाडीकडच्या सचिन खिलारीने पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून सिल्व्हर आणलं. ही खेळाडू माणसं आहेत, त्यांच्याबद्दल तसंच लिहा, आणि कुणाचाही फोटो टाकायच्या आधी त्याला विचारा.

मेसेज छोटा ठेवा, असा काहीतरी: "काका, जानेवारीत ४२ किमी पळतोय, पॅरा खेळाडूंच्या थ्रोइंग चेअरसाठी. एक किलोमीटर १००० रुपयांचा धरलाय, तुमच्या नावाचा कुठला लिहू?" किलोमीटर वाटून दिले की लोकांना मजा येते, आत्या म्हणते मला पेडर रोडचा चढ दे, कॉलेजची पोरं शेवटच्या १९५ मीटरसाठी १९५ रुपये टाकतात. सोसायटीच्या ग्रुपवर एकदाच टाका, बाकी प्रत्येकाला वेगळा मेसेज किंवा फोन, त्यानेच काम होतं. ऑफिसात एचआरला विचारा, काही कंपन्या जमलेल्या रकमेएवढी भर स्वतः घालतात.

परदेशातल्या नातेवाइकांचं मात्र सांभाळून. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या पैशातून बँकेमार्फत देऊ शकतो, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मावसभावाचे पैसे घ्यायचे तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) लागते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीही. आधी संस्थेला विचारा.

पळण्याचं म्हणाल तर आठवड्यात चार दिवस पुरे, तीन छोटे रन आणि रविवारी एक लांब, तो हळूहळू वाढवत डिसेंबरअखेर ३०-३२ किमीपर्यंत न्यायचा आणि शेवटचे तीन आठवडे कमी करत यायचं. नवीन असाल तर यंदा हाफ मॅरेथॉनच पळा, पैसे त्यालाही मिळतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत सराव करणाऱ्यांनी मुंबईचा दमटपणा हलक्यात घेऊ नये, सुरुवातीचे किलोमीटर मुद्दाम सावकाश घ्या आणि पाण्यासोबत मीठ-साखर पोटात जाऊ द्या. नवे बूट त्या दिवशी अजिबात नको.

रेस झाली की पाय दुखत असले तरी त्याच आठवड्यात सगळ्यांना किती जमले ते कळवा. पैसे घेतानाच पॅन नंबर घेऊन ठेवा, देणगीवरची टॅक्स सवलत (८०जी म्हणतात ती) जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते आणि २००० च्या वर रोख दिलं तर मिळतच नाही, त्यामुळे रोख टाळा. संस्थेने त्या सवलतीसाठीचं देणगीचं प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत द्यायचं असतं, मेच्या सुरुवातीला एक फोन करून आठवण करा. आणि फ्रेम तयार झाली की तिचा फोटो पैसे देणाऱ्या प्रत्येकाला पाठवा, १९५ वाल्या पोरांनाही.