जुनी बुलेट जास्तच हादरतेय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

कास्ट आयर्न बुलेट, म्हणजे बिडाच्या सिलिंडरची जुनी रॉयल एनफिल्ड, हादरणारच, हे आधी मान्य करा. ३४६ सीसी, ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि वरखाली होणारा एकच मोठा पिस्टन. क्रँकवरचं (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावरचं) वजन त्याचा झटका थोडाच मारतं, उरलेला तुमच्या हातापायांना मिळतो. त्यामुळे ऐंशीच्या पुढे आरशात काही दिसत नाही म्हणून कोणी कोल्हापूरला माझ्या गॅरेजात गाडी आणली, तर मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. पण पन्नास-साठलाच तळपायाला मुंग्या येत असतील, मडगार्डचे ब्रॅकेट तडकत असतील, किंवा गेल्या महिन्यापर्यंत नव्हतं ते आता जाणवत असेल, तर शोधायलाच हवं.

आधी हादरा इंजिनाचा की चाकाचा, हे ठरवा. रिकाम्या सरळ रस्त्यावर टॉप गिअरला, ज्या स्पीडला त्रास होतो तिथे गाडी न्या. क्लच दाबा, थ्रॉटल सोडा. थरथर लगेच गेली तर इंजिनाकडे वळा. तशीच राहिली तर टायर, रिम, स्पोक, मागची चेन तपासा. इंजिनाला हात लावायचं कारण नाही. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस करा. उभ्या गाडीत ठीक आणि चढावर ओढताना हादरते, असं असेल तर मला टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी) किंवा माउंटिंगचा (इंजिन चेसीला बांधणाऱ्या जोडांचा) संशय येतो.

माउंटिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. या गाडीच्या चेसीला इंजिनाखालून पाइप जात नाही. पुढचा पाइप इंजिनाला येऊन मिळतो आणि मागच्या प्लेटी इंजिन-गिअरबॉक्सला चेसीशी बांधतात, म्हणजे इंजिन हाच चेसीचा एक तुकडा. तिथला एक फाउंडेशन बोल्ट सैल पडला की सगळी गाडी वाजते. गाडी धुवायच्या आधी बघा, धुतल्यावर पुरावा जातो: प्लेटीच्या कडेला, बोल्टच्या वॉशरभोवती लाल-तपकिरी भुकटी दिसते का? तिथे लोखंडावर लोखंड घासतंय. मग थंड इंजिन चालू करून एक बोट अर्धं प्लेटीवर, अर्धं इंजिनावर ठेवा. दोन्ही एकत्र हलले तर जोड पक्का. वेगवेगळे हलले तर चोर सापडला.

पाना मारला आणि बोल्ट घट्ट झाला, एवढ्यावर खूश होऊ नका. बोल्ट काढून भोक बघा. वर्षानुवर्षं सैल चाललेल्या गाडीत भोक लंबगोल झालेलं असतं, बोल्टही मध्ये खाल्लेला असतो. अशा वेळी प्लेट बदलायची किंवा भोक भरून पुन्हा ड्रिल करून घ्यायचं. हेडपासून चेसीला जाणारी छोटी पट्टीही बघा. हेड उतरवताना काढलेली ही पट्टी परत न बसवणारे पुष्कळ आहेत. ती नसली की इंजिनाचं डोकं मोकळं झुलतं.

जोड पक्के असतील तर पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारे संपर्क, बघा. गॅप फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. त्याखालच्या ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं हाताने उघडून सोडा, स्प्रिंगने झटकन परत यायला हवीत. ती गंजून उघडीच अडकली की किक उलटी मारते, स्लो नीट बसत नाही आणि इंजिन कडक, ठोकत चालतं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडचा खेळ) थंड इंजिनावर बघा: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये.

नंतर प्रायमरी केस, म्हणजे प्रायमरी चेनचा डबा. ऑइल काढा, कव्हर उतरवा. चेनला मधोमध सहा मिलिमीटरच्या आसपास ढील हवी, पण एकाच जागी मोजून उपयोग नाही. किकने थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी बघा. एकीकडे ताठ, एकीकडे लोंबती असेल तर चेन बदला. तिथेच क्रँकच्या टोकावर अल्टरनेटरचा मॅग्नेट आहे. नट सैल असला की तो अशी ठकठक करतो की ऐकणारा ‘क्रँक गेला’ म्हणून मोकळा होतो.

‘बोअर केल्यापासून (सिलिंडर घासून मोठा पिस्टन टाकल्यापासून) हादरते’ ही तक्रार आली तर मी जुना पिस्टन मागतो. पिन-रिंगसकट दोन्ही वजनकाट्यावर ठेवा. नवा बराच जड असेल तर क्रँकचा बॅलन्स बदललाय, मग कितीही बोल्ट आवळा, फरक पडणार नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच सिलिंडर उचला. कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढा. आडवा थोडा खेळ चालतो, उभा अजिबात नाही. उभा खेळ लागला तर क्रँक बाहेर काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे द्या. फ्लायव्हीलच्या दोन चकत्या क्रँकपिनवर नटांनी आवळलेल्या असतात, त्या जरा सरकल्या तरी दोन्ही टोकं एका रेषेत राहत नाहीत. नवी पिन बसवल्यावर डायल (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून, तांब्याच्या हातोडीने ठोकून ते सरळ करावं लागतं. दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. नुसत्या ‘झालं, घेऊन जा’वर क्रँक उचलू नका, डायल तुमच्यासमोर फिरवायला सांगा.