झॅबिक्समध्ये ग्राफ कोरा दिसतो तेव्हा : मॉनिटरिंगमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

झॅबिक्स म्हणजे मशीनवर नजर ठेवून त्यांचे आकडे गोळा करणारं सॉफ्टवेअर. ज्या मशीनवर (होस्टवर) नजर ठेवायची तिथे एजंट, म्हणजे आकडे मोजणारा छोटा प्रोग्रॅम टाकला, टेम्प्लेट (काय काय मोजायचं याचा तयार संच) लावलं, वेब इंटरफेसमध्ये होस्टसमोर झेडबीएक्सचा (ZBX) चौकोन हिरवा झाला आणि तरी सीपीयूचा ग्राफ कोराच. मॉनिटरिंगमध्ये नव्याने आलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. नाइट शिफ्टला शेजारी विचारायला कुणी नसताना तो कोरा ग्राफ किती अंगावर येतो हे मी अनुभवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

त्या हिरव्या चौकोनावर विसंबू नका. निदान जुन्या आवृत्त्यांमध्ये तो एवढंच सांगतो की सर्व्हरने एजंटला विचारलं आणि उत्तर मिळालं. ही झाली पॅसिव्ह पद्धत, पोर्ट 10050. ॲक्टिव्ह पद्धतीत सगळं उलट चालतं. एजंट स्वतः सर्व्हरच्या 10051 वर जातो, 'मी काय काय मोजू?' अशी यादी मागतो आणि आकडे आपणहून पाठवतो. म्हणजे फायरवॉलची दिशाही उलटी. कॉन्फिग फाइलमधली 'सर्व्हर' ही ओळ फक्त कुणाला विचारू द्यायचं ते ठरवते. एजंटने कुठे जायचं ते 'सर्व्हरॲक्टिव्ह' ठरवते. होस्ट प्रॉक्सीमागे (सर्व्हरच्या वतीने आकडे गोळा करणाऱ्या मधल्या मशीनमागे) असेल तर तिथे प्रॉक्सीचाच पत्ता हवा.

आता ज्या खड्ड्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तो. ॲक्टिव्ह एजंट यादी मागतो ती स्वतःचं नाव सांगून. ते नाव म्हणजे कॉन्फिगमधलं 'होस्टनेम'. वेब इंटरफेसमधल्या 'होस्ट नेम' या रकान्याशी ते अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, कॅपिटल-स्मॉलसकट. गंमत अशी की स्क्रीनवर आपल्याला दिसतं ते बहुधा 'व्हिजिबल नेम'. ते भरलेलं असलं की सगळीकडे तेच झळकतं आणि आपण तेच कॉन्फिगमध्ये उतरवतो. सर्व्हरला त्या नावाचा होस्ट माहीतच नसतो, म्हणून तो यादी देत नाही. इकडे झॅबिक्स-गेटने (एजंटला थेट एखादा आकडा विचारणाऱ्या कमांडने) तपासलं तर आकडा झटक्यात येतो, कारण ते फक्त पॅसिव्ह वाट तपासतं. मग माणूस नेटवर्कवाल्यांना तिकीट टाकतो, टेम्प्लेट काढून परत लावतो, एजंट पुन्हा इन्स्टॉल करतो. यातलं काहीही करण्याआधी एजंटचा लॉग उघडा. तिथे 'नो ॲक्टिव्ह चेक्स ऑन सर्व्हर' आणि पुढे 'होस्ट नॉट फाउंड' दिसलं की कंसातलं नाव बघा आणि वेबवरच्या होस्ट नेमशी ताडून पाहा.

याच खड्ड्याचा दुसरा प्रकार जास्त घातक आहे. एका व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत काढली आणि होस्टनेम तसंच राहिलं, तर दोन्ही मशीन एकाच नावाने आकडे पाठवतात. एररची वाट बघत बसू नका. ग्राफ रिकामा नसतो, तर एकदा वर एकदा खाली असा करवतीसारखा दिसतो, आणि लोक ॲप्लिकेशनमध्ये दोष शोधत बसतात. क्लोन केलेल्या प्रत्येक मशीनवर ही ओळ आधी बघा. खरंच, आधी.

स्क्रिप्टने आकडे गोळा करत असाल तर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चाचणी घेऊन समाधान मानू नका. एजंट 'झॅबिक्स' या युजरखाली चालतो. तुम्हाला वाचता येणारी फाइल त्याला वाचता येईलच असं नाही. त्याच युजरने स्क्रिप्ट चालवून बघा आणि किती वेळ लागतो तेही बघा, कारण टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मर्यादा, मुळात 3 सेकंदांचा असतो.

इथे कुणीतरी सांगेल, 'ॲलाउरूट चालू कर' (म्हणजे एजंटला रूट म्हणून चालू दे) किंवा 'सर्व्हरच्या ओळीत सगळे पत्ते उघडे टाक.' करू नका. दोन्हींनी आजचं काम भागतं आणि मशीन कायमचं उघडं पडतं. 'रीस्टार्ट मार, होईल' हे एकच उत्तर देणाऱ्या सीनियरपेक्षा शेजारी बसून लॉग वाचायला लावणारा सीनियर शोधा, तो कितीही खडूस असला तरी. त्याच्याकडे जाताना आयटमचा (मोजायच्या आकड्याचा) प्रकार, म्हणजे पॅसिव्ह की ॲक्टिव्ह, लॉगमधली ती ओळ आणि दोन्हीकडची नावं लिहून न्या. तो वैतागणार नाही.

घाबरण्यासारखं यात फार नाही. ही नावं आणि दिशा डोक्यात बसल्या की कोऱ्या ग्राफचं कारण बहुतेकदा लवकर सापडतं. दुरुस्तीनंतर एजंट रीस्टार्ट करायला विसरू नका, आणि लगेच ग्राफ भरला नाही म्हणून पुन्हा काही बदलू नका. जुन्या आवृत्त्यांमध्ये सर्व्हर आपली कॉन्फिगरेशन कॅशे (सेटिंग्जची स्वतःजवळची प्रत) 60 सेकंदांनी ताजी करतो, एजंट नवी यादी 120 सेकंदांनी मागतो. तेवढा वेळ वेब इंटरफेसमधलं 'लेटेस्ट डेटा' हे पान उघडं ठेवून थांबा.