रॉडचे ब्रेक: आधी ड्रम, मग रॉड

फोर्डच्या अमेरिकन मोटारींना हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक आले १९३९ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या, मॉडेल ए पासूनच्या फोर्ड गाड्यांत पेडलचा जोर रॉड-केबलनंच चाकापर्यंत जातो. पेडल खाली जायला लागलं की बरेच जण रॉड आखडून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. लिव्हरचा कोन बिघडतो आणि पायाचा जोर वाया जातो.

गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, हँडब्रेक सोडा. लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, घासेपर्यंत ॲडजस्टर आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागं घ्या. कुणाला तरी पेडल थोडं दाबून धरायला सांगा आणि चाकं हातानं फिरवून बघा. डावं-उजवं सारखंच जड लागलं पाहिजे.

रॉडच्या टोकाची पिन काढून नखानं चाचपा. खाच लागली, भोक लांबट दिसलं, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नरकडून नवी पिन आणि बुश (पिन बसते ती नळी) करून घ्या. ग्रीस पिनेला, लायनरला अजिबात नाही. ड्रममध्ये हवा मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ श्वासातून जाणं घातक. ओल्या फडक्यानं पुसा.

आपल्याकडच्या पावसात ड्रममध्ये पाणी शिरतं. पन्हाळ्याचा घाट उतरण्याआधी सपाटीवर ब्रेक हलकेच दाबत थोडं अंतर चालवा, लायनर वाळतात.